लेझरने केस काढायचेत? आधी यंत्र कोणतं ते विचारा

सवलतीचा आकडा बाजूला ठेवा. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे रंग देणारं द्रव्य, जास्त; कमी तरंगलांबीचा प्रकाश केसाच्या मुळाशी पोचण्याआधी तेच शोषून घेतं, मग त्वचा भाजते नाहीतर काळा डाग राहतो. म्हणून सावळ्या रंगाला १०६४ नॅनोमीटर अशा जास्त तरंगलांबीचा ‘एनडी-याग’ प्रकारचा लेझर सर्वांत सुरक्षित. क्लिनिकवाले ‘आयपीएल’ (इंटेन्स पल्स्ड लाइट, म्हणजे तीव्र प्रकाशाचे झोत) म्हणाले, तर तो लेझरच नव्हे. त्वचारोगतज्ज्ञांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासा. यंत्र प्रत्यक्ष कोण चालवणार, हेही स्पष्ट विचारा. आधी छोट्या जागेवर चाचणी करून घ्या. डाग उशिरा उमटतो, त्यामुळे त्याच दिवशी पूर्ण सत्र नको. सहा-आठ सत्रांचे पैसे एकदम भरू नका. आणि हो, महिनाभर आधीपासून वॅक्सिंग बंद, फक्त रेझर: मूळच उपटलं तर लेझर तापवणार काय?