दारिद्र्य, अन्नसुरक्षा आणि स्त्रियांचे प्रजनन आरोग्य हक्क यांचा परस्परांशी काय संबंध आहे?

हे तिन्ही प्रश्न स्वतंत्रपणे मांडले जात असले, तरी गरीब स्त्रीच्या शरीरात ते एकत्रच येतात. घरात अन्न अपुरे असते तेव्हा बहुधा तीच सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी जेवते. त्यातून जडलेला रक्तक्षय गरोदरपणात बळावतो, प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव तिच्या जिवावर बेततो आणि कमी वजनाचे मूल जन्माला येऊन कुपोषण पुढच्या पिढीत उतरते. जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह घेण्याची शिफारस करते. पण पोटभर अन्नच नसेल, तर केवळ गोळ्यांनी ही उणीव भरून निघत नाही.

मूल कधी व्हावे हे ठरवण्याचा अधिकार तिला नसेल, तर लागोपाठच्या बाळंतपणांत शरीर सावरत नाही, मजुरी सुटते आणि घरातले अन्न आणखी घटते. म्हणूनच १९९४ मध्ये कैरो येथे भरलेल्या, संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या आणि विकास परिषदेने लोकसंख्येच्या उद्दिष्टांऐवजी स्त्रीच्या निर्णयस्वातंत्र्याला महत्त्व दिले. मुले जास्त म्हणून गरिबी, हा युक्तिवाद मला अन्यायकारक वाटतो, कारण गर्भनिरोधक साधन, उपचाराचा पैसा आणि घरच्यांचा होकार यांपैकी काहीच जिच्या हाती नाही, तिच्यावरच तो दोष ढकलतो.