डेटम ‘ए’ की ए१?

प्रश्न : कास्टिंगच्या ड्रॉइंगवर चौकटीत ‘ए’ आहे आणि त्याच पृष्ठभागावर तीन गोलांत ए१, ए२, ए३. फिक्स्चरमध्ये (मशीनवर जॉब पकडायच्या साधनात) जॉब टेकवायचा कशावर?
– एक शिकाऊ, कोल्हापूर

उत्तर : गोलांनी दाखवलेल्या जागांवर. चौकटीतला ‘ए’ एवढंच सांगतो, की हा पृष्ठभाग आधाराचा, म्हणजेच डेटम. पण ओतीव पृष्ठभाग खडबडीत. अख्खा टेकवलात तर प्रत्येक नग वेगळा डुगडुगणार. आजीचा चौरंग हलायचा, तिपाई कधी नाही. म्हणून तीन जागा नेमून देतात. गोलाच्या खालच्या अर्ध्यात नाव, वरच्या अर्ध्यात टेकूचा आकार, म्हणजे १२ व्यास वगैरे. वरचा अर्धा रिकामा आणि जागेवर फुली असेल, तर गोल टोकाची पिन लावा.

आता गोलापासून निघणारी रेघ नीट बघा. सलग असेल तर समोरची बाजू, तुटक असेल तर मागची. उमेदवारीत मी ती तुटक रेघ ‘प्रिंट पुसट आलीय’ म्हणून सोडून दिली आणि पिना उलट्या बाजूला ठोकल्या. सगळा लॉट भंगारात गेला, फोरमननी दोन दिवस तोंड पाहिलं नाही माझं.

आणि हो, ‘ए’च्या चौकटीला जोडलेला छोटा त्रिकोण व्यासाच्या मापरेषेच्या अगदी सरळ रेघेत असेल, तर आधार पृष्ठभाग नसतो, त्या व्यासाचा अक्ष असतो.