हीटिंग कॉइलवर हवा सारखी पसरवताना
फॅन मोठा केला की हीटिंग कॉइल (हवा तापवणारा नळ्यांचा किंवा रॉडचा संच) नीट काम करेल, असं समजू नका. सेंट्रिफ्यूगल फॅनच्या (चाक फिरवून हवा बाहेरच्या बाजूला फेकणाऱ्या पंख्याच्या) तोंडातून हवा झोतासारखी निघते. कॉइल जवळ असेल तर एकाच पट्ट्यातून बहुतेक हवा जाते, कोपरे तसेच राहतात. म्हणून आधी मोजा. कॉइलच्या तोंडावर दोरीने चौकटी पाडा, प्रत्येकीच्या मध्यावर हवेचा वेग मोजणारा अ‍ॅनिमोमीटर धरा आणि आकडे कागदावर त्याच जागी लिहा. मध्ये सेकंदाला ४ मीटर आणि कोपऱ्यात जेमतेम १ दिसलं, की दुखणं कुठे आहे ते कळतं.

जागा असेल तर फॅन कॉइलपासून मागे सरकवा. माझ्या मते हाच सगळ्यात चांगला उपाय. जागा नसेल तर फॅन आणि कॉइलच्या मध्ये छिद्रांचा पत्रा लावा, पण कॉइलला चिकटवून अजिबात नको. छिद्रांतून निघालेल्या धारा एकमेकींत मिसळायला अंतर लागतं. पत्र्यात दाब खर्च होतो, तेव्हा एकूण हवा पुन्हा तपासा.

इलेक्ट्रिक हीटर असेल तर मात्र हयगय करू नका. जिथे हवा पोचत नाही तिथला रॉड लाल होतो आणि कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) पुन्हा पुन्हा ट्रिप होतो. अशा वेळी कटआउट बायपास करायचा नाही, हवेचा रस्ता सुधारायचा.