धाकट्याला जमीन, थोरल्याचं नावही नाही

प्रश्न : माझ्या जावयाचं घराणं इंग्लंडमधल्या ससेक्सचं. त्यांच्या माळ्यावरच्या पेटीत दोन जुनी चर्मपत्रं सापडली. १७६८ च्या पत्रात बाप वारल्यावर धाकट्या मुलाला जमिनीवर ‘अ‍ॅडमिट’ केलंय आणि एक गाय घेतल्याची नोंद आहे. थोरल्याचं नाव नाही, आईचंही नाही. १७७४ च्या पत्रात या धाकट्याने जमीन लॉर्डच्या हाती ‘सरेंडर’ केली, एका दुकानदाराकरता. अट ४० पौंडांची. थोरल्याला बापाने बेदखल केलं आणि धाकट्याने जमीन उडवली, असं घरात सगळे म्हणतात. खरं आहे का? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, दोघांवरही अन्याय होतोय.

ही जमीन ‘कॉपीहोल्ड’. तिचं खरेदीखत नसे. मॅनर म्हणजे लॉर्डची, जमीनदाराची, जहागीर; तिच्या कोर्टाच्या दप्तरात नोंद व्हायची आणि तिची नक्कल कुळाच्या हाती पडायची. नक्कल म्हणजे कॉपी, त्यावरूनच हे नाव. तुमच्या पेटीत निघाल्या त्या अशाच नकला. वारस कोण, हे त्या त्या मॅनरचा रिवाज ठरवी. ससेक्समधल्या कितीतरी मॅनरांत ‘बरो इंग्लिश’ चाले, म्हणजे धाकटा मुलगा वारस. शेजारच्या केंट परगण्यात ‘गॅव्हलकाइंड’, तिथे सगळ्या मुलग्यांना सारखा वाटा. थोरले आधीच मार्गी लागलेले असत, म्हणून धाकट्याला जमीन, असं कारण सांगतात. मला ते मागाहून बसवलेलं वाटतं. काही असो, बापाने इथे कुणालाच डावललेलं दिसत नाही.

गाईचं म्हणाल तर तो ‘हेरियट’. कूळ मेलं की त्याचं सर्वांत चांगलं जनावर लॉर्डचं. घरात सुतक आणि गोठ्यातली दुभती गाय दारातून बाहेर, हे वाचताना मला दर वेळी कसंसंच होतं. मृत्यूची वर्दी कुळांतलेच पंच कोर्टात देत. वारस आला नाही, तर सहसा लागोपाठ तीन कोर्टांत पुकारा होई. आला की तो ताब्याची खूण म्हणून लॉर्डच्या कारभाऱ्याच्या हातून काठी घेई, नजराणा भरी आणि कूळ होई. नजराणा ठरलेला नसेल तिथे लॉर्डने दोन वर्षांच्या उत्पन्नापेक्षा जास्त मागायचं नाही, हे राजाच्या न्यायाधीशांनी लावून दिलं होतं.

आई बहुधा आधीच गेली असावी. नाहीतर बऱ्याच मॅनरांत विधवेला ‘फ्रीबेंच’ म्हणून जमीन राहायची, पुनर्विवाह केला नाही तर. बर्कशरमधल्या एनबोर्नचा रिवाज सांगतात तो और : पाऊल घसरलेल्या विधवेने काळ्या मेंढ्यावर उलटं बसून कोर्टात यायचं, स्वतःची फजिती करणारं कवन म्हणायचं, की गेलेली जमीन तिला परत. हसावं की रडावं!

आता ‘सरेंडर’. कॉपीहोल्ड जमीन थेट दुसऱ्याला देता येत नसे. आधी काठीनिशी लॉर्डच्या हाती परत करायची, ‘अमक्याच्या उपयोगाकरता’ असं म्हणून. मग लॉर्डला त्या अमक्यालाच दाखल करून घ्यावं लागे, स्वतःकडे ठेवता येत नसे. विक्री अशीच, गहाणही असंच. तुमच्या कागदात ४० पौंडांची अट आहे ना? मग ते गहाणखत. ठरल्या दिवशी रक्कम फेडली, की सरेंडर रद्द. तोवर धाकटाच कूळ.

फेडली का, ते पेटीतल्या नकलांवरून कळायचं नाही. मॅनरचं मूळ दप्तर हवं. कॉपीहोल्ड १ जानेवारी १९२६ ला संपलं, पण दप्तरं कुठे आहेत त्याची सूची लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे आहे. आडनावावर शोधू नका, नकलेच्या माथ्यावर मॅनरचं नाव असेल त्यावर शोधा. १७३३ नंतरच्या नोंदी लॅटिन सोडून इंग्रजीत आहेत, तेव्हा जावईबापूंना वाचता येतील. १७७४ पुढच्या पानांत ‘सॅटिस्फॅक्शन’ शब्द दिसला तर कर्ज फिटलं. दुकानदारालाच ‘अ‍ॅडमिट’ केलेलं निघालं, तर मात्र घरातले म्हणतात ते निम्मं खरं.