‘कंटेंट तोच आहे’ असं केमिस्ट म्हणाला तर

प्रिय मित्रा,

केमिस्टने “कंपनी वेगळी, पण कंटेंट तोच” म्हणत तुझ्या फिटच्या (अपस्माराच्या) गोळ्यांची दुसरी पट्टी हातात ठेवली, आणि घ्यावी की नको या घोळात तू रात्रीचा डोसच चुकवलास. दोन्हींत जास्त धोक्याचं होतं ते डोस चुकवणं. कंपनी बदलली तर रक्तातली औषधाची पातळी थोडी वरखाली होईल. गोळीच पोटात गेली नाही तर पातळी घसरतच जाते, आणि मग फिट एकामागून एक येत राहण्याचाही धोका असतो.

अशा वेळी पट्टीवर तीन गोष्टी जुळवून बघ: औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम आणि नावामागचं शेपूट, म्हणजे सीआर, ईआर, क्रोनो वगैरे. तिन्ही जुळलं तर गोळी घे, सकाळी डॉक्टरांना कळव. शेपूट वेगळं असेल तर त्याच रात्री फोन कर. अशा शेपटाच्या गोळीतलं औषध हळूहळू सुटतं, साधीतलं लवकर. दोन्हींच्या वेळा सारख्या नसतात. शेपटाची गोळी कुटायची किंवा चावायची तर नाहीच.

लेव्हेटिरासिटाम या फिटच्या औषधाचा ब्रँड बदलला तरी सहसा निभावतं. फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन आणि तुझं कार्बामाझेपिन मात्र शक्यतो एकाच कंपनीचं असावं. ब्रिटनच्या औषध नियामकानेही २०१३ मध्ये हेच सांगितलं. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमध्ये भर म्हणून घातलेलं कॅल्शियम सल्फेट काढून लॅक्टोज घातलं. औषध तेवढंच होतं, पण ते जास्त शोषलं गेलं आणि रुग्णांना औषधाची विषबाधा झाली. ‘कंटेंट तोच’ हे खरं असूनही पुरेसं नसतं, ते यामुळे.

बदलानंतरचे दोन-तीन आठवडे वहीत रोज एक ओळ लिही: ब्रँड, बॅच नंबर, झोप किती झाली, काय जाणवलं. दोन-दोन दिसणं, झोक जाणं, मळमळ, गुंगी ही पातळी चढल्याची चिन्हं. हात झटकणं किंवा क्षणभर हरवल्यासारखं होणं वाढलं तर ती घसरली असेल. एवढे दिवस दुचाकी चालवू नकोस, पीएमपीच्या बसने जा. आणि सगळं सुरळीत असतानाच, डॉक्टरांना विचारून, सकाळच्या गोळीआधी रक्तातली पातळी एकदा तपासून ठेव. तुझा नेहमीचा आकडा माहीत नसेल तर नंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करणार?

पुण्याच्या पावसाळ्यात आणखी एक सांभाळ. दमट हवेत कार्बामाझेपिनच्या गोळ्या कडक होतात, नीट विरघळत नाहीत, आणि त्यांचा असर एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो. गोळ्या पट्टीतच राहू देत, बाथरूमच्या कपाटात नकोत.

टंचाईची वाट बघू नकोस. पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची खरेदी कर. गणपती-दिवाळीत त्याही आधी. सदाशिव पेठेत औषधांचे घाऊक व्यापारी आहेत. त्यांच्याकडे चौकशी करायला तुझ्या नेहमीच्या केमिस्टला सांग. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर मूळ नाव आणि चालणारा दुसरा ब्रँड आजच लिहून घे. जनऔषधीतली गोळी घ्यायलाही हरकत नाही, पण डॉक्टरांना सांगून आणि मग तीच कायम ठेवून. दर महिन्याला स्वस्त मिळेल ती नको. उरलेल्या गोळ्या अर्ध्या-अर्ध्या करून पुरवायच्या, ही चूक फार जण करतात. तू करू नकोस.

रूममेटला आजच सांगून ठेव: फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८ला फोन.