ईएसआय कापतात, मग आजारपणाचे पैसे का मिळाले नाहीत?

तुम्ही १० जूनला कामाला लागलात, ऑक्टोबरात कावीळ झाली. औषधं मिळाली, पण बुडालेल्या पगाराचे पैसे ‘अजून बसत नाही’ म्हणून नाकारले. नकार नियमाला धरूनच आहे. ईएसआय म्हणजे पगारातून हप्ता कापून चालणारा कर्मचारी राज्य विमा. त्यात औषधोपचार पहिल्या दिवसापासून मिळतो. आजारपणाचे रोख पैसे मात्र मागच्या सहामाहीच्या कपातीवर ठरतात.

एप्रिल ते सप्टेंबरची कपात पुढच्या जानेवारी ते जूनमधल्या आजारपणाला उपयोगी पडते, ऑक्टोबर ते मार्चची जुलै ते डिसेंबरला. अगदी नव्याने लागलेल्याचा पहिला लाभकाळ, म्हणजे हे पैसे मागता येतात तो काळ, रुजू झाल्यापासून नऊ महिन्यांनी उघडतो. तुमचा तो १० मार्च ते ३० जून. एरवी सहामाहीत किमान ७८ दिवसांची कपात भरलेली असावी लागते. तुमची पहिली सहामाही अपुरी असल्याने कामासाठी उपलब्ध दिवसांपैकी निम्मे पुरतात. मार्च उजाडला तरी ऑक्टोबरचे पैसे मागच्या तारखेने मिळत नाहीत.

पात्र झाल्यावर सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस कोरडे जातात. मात्र आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा पडलात तर ते कापत नाहीत. कंपनीने त्याच दिवसांची भरपगारी रजा लावली असेल तर इथून काही मिळणार नाही. तुम्ही खरंच गैरहजर होता का, हे ईएसआयचं शाखा कार्यालय कंपनीला विचारतं आणि बरेच दावे त्या उत्तराची वाट बघत अडकतात. एचआरच्या मागे लागा.

सर्वांत महागात पडते ती दुसरीच गोष्ट. आयपी नंबर, म्हणजे तुमचा ईएसआयचा विमा क्रमांक, जन्मभर एकच असतो. नवा कॉन्ट्रॅक्टर सोयीसाठी नवीन नंबर काढतो आणि तुम्ही पुन्हा ‘नवे’ ठरता, नऊ महिने पुन्हा पहिल्यापासून. आधी कुठेही ईएसआय कापला गेला असेल तर जुना नंबर शोधून दोन्ही जोडून घ्या. ईएसआयच्या पोर्टलवर कंपनीने महिन्याचे किती दिवस भरलेत तेही बघा. २६ दिवस काम करून १२ दाखवलेले असतात.

कामावर किंवा कामाला येता-जाता अपघात झाला तर ही कसलीच मुदत लागू नाही. पहिल्याच दिवशी बोट मशीनमध्ये गेलं तरी रोजाच्या ९० टक्के मिळतात, फक्त अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद असायला हवं. अपघात-रजिस्टरमध्ये नोंद त्याच दिवशी करून घ्या. ‘घरी पडला’ असं एकदा लिहिलं गेलं, की ते खोडणं फार जड जातं.