बाबांना फेनवेला जरूर न्या, पण हातात पेन्सिल देऊन

प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: आई-बाबा जुलैत तुमच्याकडे वूस्टरला येणार आहेत, बाबांना क्रिकेटचं वेड आहे, बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. बॉस्टनला फेनवे पार्कवर रेड सॉक्सची मॅच दाखवावी की तेवढ्या पैशात केप कॉडला जाऊन यावं? तिकिटं कुठली काढावीत आणि शाकाहारी माणसाचं पोट भरेल का, हेही विचारलंय.

आधी उत्तर, मग पाल्हाळ. न्या. पण ‘बघा, किती मोठं स्टेडियम!’ म्हणून नेऊ नका. पदरी निराशा येईल. फेनवे मोठं नाहीच. १९१२ साली बांधलेलं, मेजर लीगमधलं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमधलं, सगळ्यांत जुनं मैदान आहे ते. आत सदतीस हजारांच्या आसपास माणसं मावतात. वानखेडे बघितलेला माणूस दारातच म्हणतो, ‘एवढंच?’ माझे बाबाही हेच म्हणाले होते.

मी २००३ पासून फ्रेमिंगहॅमला राहते. बाबांना पहिल्यांदा फेनवेला नेलं ते २०११ मध्ये आणि त्या दिवशी करता येतील तेवढ्या चुका मी केल्या. तिकिटं एका पुनर्विक्रीच्या साइटवरून स्वस्तात मिळाली म्हणून खूश होते. जाऊन बसलो तर समोर लोखंडी खांब. जुन्या ग्रँडस्टँडचं छप्पर त्या खांबांवर उभं आहे. आमच्या खांबाने पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पूर्ण झाकला होता, दिसत होता तो फक्त फलंदाज. म्हणजे बॅट फिरताना दिसायची, पण कशासाठी फिरली ते समजायचं नाही. तिकिटाच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ असं लिहिलेलं होतं, हे मला घरी आल्यावर दिसलं. बाबा चौथ्या डावापर्यंत गप्प होते (बेसबॉलमध्ये असे नऊ छोटे डाव असतात). मग म्हणाले, ‘तासभर झाला, एक धाव नाही. आपल्याकडे रणजीची मॅचसुद्धा इतकी रेंगाळत नाही गं.’ सातव्या डावात आम्ही उठलो.

तेव्हा तिकिटांचं आधी सांगते. ग्रँडस्टँडचं तिकीट काढताना रांग मागची असेल तर खांबाची चौकशी केल्याशिवाय पैसे भरू नका. उजव्या बाजूला एक ते दहा नंबरच्या सेक्शनमधल्या खुर्च्यांचं तोंड होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेकडे, नाहीच, मैदानाच्या मधोमध आहे. तीन तास मान वळवून बसावं लागतं. तरुणांचं चालून जातं, साठी उलटलेल्यांचं नाही. ब्लीचर्स म्हणजे उघड्यावरच्या बाकड्यांचा भाग, तिथे मजा असते, पण जुलैच्या दुपारी डोक्यावर ऊन. बाबांसाठी पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या (बेस म्हणजे धावताना गाठायचे टप्पे) बाजूचं ग्रँडस्टँड घ्या, छपराखाली, आणि मॅच संध्याकाळची बघा. खुर्च्या लाकडी आहेत, अरुंद आहेत आणि गुडघ्यांना जागा बेताची. एसटीच्या जुन्या लाल गाडीत बसायची सवय असेल तर फरक जाणवणार नाही. न्यूयॉर्कचे यँकीज, म्हणजे रेड सॉक्सचे हाडवैरी, येतात त्या तारखा टाळा, भाव कडाडतात. मंगळवार-बुधवारी कुठला तरी लांबचा, फारसा नावाजलेला नसलेला संघ येत असेल तर तोच दिवस पकडा.

आता मुख्य मुद्दा. बाबा २०१४ मध्ये पुन्हा आले तेव्हा मी त्यांना मॅच ‘दाखवायला’ नेलं नाही, मॅच ‘लिहायला’ नेलं. आमचे बाबा सांगलीत क्लबच्या मॅचेसचे स्कोअरर होते. निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून ‘एम’ काढणारे. घरी एक कोरं बेसबॉल स्कोअरशीट छापून त्यांच्यापुढे ठेवलं आणि अर्ध्या तासात जेवढं येतं तेवढं सांगितलं. तुम्हालाही तेच सुचवते, म्हणून इथे जरा सविस्तर.

मैदानावरच्या नऊ जणांना ठरलेले नंबर असतात. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये उभा असतो तो शॉर्टस्टॉप ६, मग बाहेरचे तिघं डावीकडून ७, ८, ९. शर्टाच्या पाठीवरच्या आकड्यांशी याचा काही संबंध नाही. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसला फेकला आणि फलंदाज बाद झाला, तर चौकटीत लिहायचं ६-३. मधल्या क्षेत्ररक्षकाने उंच झेल घेतला की एफ ८. तीन स्ट्राइकवर, म्हणजे हुकलेल्या किंवा सोडलेल्या योग्य चेंडूंवर, बाद झाला की ‘के’. बॅट न फिरवता, नुसता बघत उभा राहून बाद झाला तर तोच ‘के’ उलटा काढायचा. बाबांना हे भलतंच आवडलं. म्हणाले, ‘म्हणजे चेंडू सोडला आणि दांडी गुल! अशा फलंदाजाची शरम कागदावर कायमची राहते, हे बरं केलंय.’ प्रत्येक चौकटीत छोटा चौकोनी हिरा असतो. फलंदाज जितके बेस गाठेल तितक्या त्याच्या बाजू गडद करायच्या आणि तो घरी, म्हणजे होम प्लेटला, परतला की धाव झाली, हिरा आतून भरून टाकायचा.

या पद्धतीचं मूळ क्रिकेटशी जवळचं आहे. ती रुजवणारा हेन्री चॅडविक इंग्लंडमध्ये जन्मला, लहानपणी अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो बेसबॉलच्या नादी लागला, आणि क्रिकेटच्या धावफलकासारखा तक्ता त्याने या खेळासाठी बनवला. तो ‘के’सुद्धा त्याचाच, ‘स्ट्रक’ या शब्दातलं शेवटचं अक्षर. हे ऐकल्यावर बाबांचा बेसबॉलवरचा राग निम्मा उतरला. आपल्याच घराण्यातला निघाला ना!

लिहायला लागलं की धावा न होणं म्हणजे काही न घडणं, हा क्रिकेटवाल्यांचा गैरसमज आपोआप जातो. इथे दहापैकी तीनदा यशस्वी होणारा फलंदाज उत्तम समजतात. बाकी सात वेळा तो बाद होतो, आणि कसा झाला यातच खेळ असतो. तिसऱ्या डावापासून बाबा मला सांगायला लागले, ‘हा पिचर याला आता बाहेरचा टाकणार, मघाशी आत टाकून मागे ढकललंय.’ नेहमी बरोबर नसायचे, पण बघत होते. २०११ मध्ये मोबाइलवर भारतातल्या बातम्या वाचत होते.

आणि त्या दिवशीची एक गंमत. शेजारच्या खुर्चीवर बाबांच्याच वयाचे एक गोरे आजोबा बसले होते, गुडघ्यावर त्यांचंही स्कोअरशीट. दोघांनी एकमेकांकडे तिरप्या नजरेने बघितलं, परीक्षेच्या हॉलमध्ये बघतात तसं. पाचव्या डावात डबल प्ले झाला: शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसला, तिथून पहिल्या बेसला, एका चेंडूत दोघं बाद. बाबांनी मराठी आकड्यांत ठसठशीत लिहिलं, ६-४-३. आजोबा वाकून बघायला लागले, कपाळाला आठ्या पडल्या, आणि मला हळूच म्हणाले की तुमच्या वडिलांनी हे काय लिहिलंय, उलटा तीन, मग आठ, मग तीन? मधला क्षेत्ररक्षक पळत येऊन दुसऱ्या बेसवर कधी पोचला? मला आधी कळेना. मग प्रकाश पडला. आपला ४ त्यांना त्यांच्या आठासारखा दिसत होता, ६ म्हणजे आरशातला तीन, आणि शेवटचा ३ तेवढा दोघांचा सारखा! समजावून सांगितल्यावर आजोबा इतके हसले की पुढचे दोन फलंदाज त्यांचे लिहायचे राहिले. ते त्यांनी बाबांच्या कागदावरून उतरवून घेतले. पुढे एका सुटलेल्या चेंडूवरून दोघांची जुंपली: फलंदाजाची हिट धरायची की क्षेत्ररक्षकाची चूक? इंग्रजी बाबांचं कामचलाऊ, आजोबांचं अस्सल बॉस्टनचं, ‘र’ गिळणारं. तरी भांडण व्यवस्थित झालं. शेवटी फलकावर अधिकृत स्कोअररचा निर्णय आला, चूक. बाबा जिंकले.

मैदानात गेल्यावर दाखवायच्या जागा दोनच सांगते. डावीकडची हिरवी भिंत, ‘ग्रीन मॉन्स्टर’. उंची ३७ फूट, म्हणजे जवळजवळ चार मजले. तिच्या मागे लगेच लॅन्सडाउन स्ट्रीट आहे, मैदान तिकडे वाढवायला जागाच नव्हती, म्हणून भिंत होम प्लेटपासून जेमतेम ३१० फुटांवर आली आणि उंच गेली. त्यामुळे इथला न्याय वेगळा. इतरत्र होमरन (आपल्या षटकारासारखा) ठरला असता असा सणसणीत फटका भिंतीवर आपटून खाली पडतो, आणि इतरत्र आरामात झेलला गेला असता असा उंच उडालेला चेंडू अलगद पलीकडे जातो. भिंतीच्या पायथ्याचा धावफलक अजून हाताने चालवतात. आत माणसं बसलेली असतात आणि आकड्यांच्या पाट्या बदलतात. आमच्या बाबांना फेनवेतली सगळ्यांत आवडलेली गोष्ट हीच. फलकावरच्या पांढऱ्या उभ्या रेघांत ठिपके आणि डॅश आहेत, मोर्स कोडमध्ये जुने मालक टॉम यॉकी आणि त्यांच्या पत्नी जीन यांची आद्याक्षरं. तुमचे बाबा तारखात्यात होते असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा त्यांना आधी काही सांगू नका. नुसती दुर्बीण द्या.

दुसरी जागा उजवीकडच्या ब्लीचर्समध्ये. सगळ्या हिरव्या आसनांत एकच लाल. ९ जून १९४६ ला रेड सॉक्सचा मोठा फलंदाज टेड विल्यम्स याचा होमरन तिथे पडला, तोही एका प्रेक्षकाच्या गवती हॅटला भोक पाडून. अंतर ५०२ फूट, म्हणजे १५० मीटरच्या वर. आपल्याकडे शंभर मीटरच्या षटकारावर समालोचक ओरडून घसा बसवून घेतात!

इतिहासात फार शिरू नका. बाबांना एवढं पुरे: १९१८ नंतर हा संघ ८६ वर्षं जगज्जेता झाला नव्हता, मधल्या काळात बेब रूथ या दिग्गज खेळाडूला यँकीजना विकून बसला, आणि २००४ मध्ये त्याच यँकीजविरुद्ध ०-३ वरून मालिका फिरवून पुढे अजिंक्यपद जिंकला. आम्ही तेव्हा इथे नवखे होतो. आमच्या शेजारच्या बाई दुसऱ्या दिवशी सकाळी संघाचा छोटा झेंडा घेऊन वडिलांच्या थडग्यावर ठेवून आल्या. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

रेंगाळण्याची काळजी आता कमी आहे. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय, बेस रिकामे असतील तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. मॅच साधारण पावणेतीन तासांत आटोपते. बरोबरी मात्र नसते. नऊ डावांत निकाल लागला नाही तर खेळ पुढे चालू, आणि दहाव्या डावापासून प्रत्येक संघाला दुसऱ्या बेसवर एक आयता धावपटू देतात. बाबांनी २०२३ च्या फेरीत हे पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. ‘हा इथे आला कसा ते लिहायचं कुठे? हा फुकट्या आहे.’ माझंही मत तेच आहे.

खाणं: हॉट डॉग बहुतेक बीफचे किंवा बीफ-पोर्कचे असतात, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. शेंगदाणे, पॉपकॉर्न, जाडं खारं प्रेट्झेल आणि प्लॅस्टिकच्या छोट्या हेल्मेटमधलं आइस्क्रीम एवढ्यावर शाकाहारी माणूस तग धरतो, जेवत नाही. जेवूनच निघा. शेंगा सालासकट खायच्या, सालं पायाशी टाकायची. आईंना हे पटणार नाही, माझी आई सगळी सालं पिशवीत भरून घरी घेऊन आली. रोख पैसे चालत नाहीत, कार्ड हवं. तिकीट फोनवर असतं, तेव्हा फोन चार्ज करून न्या. पाठपिशवी घरीच ठेवा.

गाडीने जाऊ नका, पार्किंगच्या पैशात आणखी एक तिकीट येईल. तुम्हाला तर वूस्टरहून थेट कम्युटर रेल आहे, लॅन्सडाउन स्टेशनला उतरा, मैदान तिथून चालत दोन-चार मिनिटांवर. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र आधी बघून ठेवा. मॅच लांबली तर नववा डाव सोडून पळायची पाळी येते, आणि स्कोअर लिहिणारा माणूस त्याला तयार होत नाही.

सीमेबाहेर उडालेला चेंडू हातात आला तर तो तुमचाच, परत द्यायचा नसतो. बाबा सवयीने मैदानात फेकतील, तेवढं सांगून ठेवा. आणि पेन्सिली दोन न्या, खोडरबरासकट. एकीचं टोक हमखास सहाव्या डावात मोडतं.